चौथा मजला खाली, तळमजला वर

सगळी इमारत त्यांना वरच्या काकू म्हणायची, कारण त्या सगळ्यांत वर, चौथ्या मजल्यावर राहायच्या. आणि गेले आठ महिने त्या खाली उतरल्याच नव्हत्या, त्यामुळे ते नाव त्यांना आणखीच चिकटलं होतं. घरात त्या काठी टेकत बऱ्यापैकी हिंडत-फिरत. सपाट जमिनीशी त्यांच्या गुडघ्यांचं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते जिन्याशी. मजल्याला अठरा पायऱ्या, म्हणजे चार मजल्यांच्या बहात्तर. लिफ्ट बसवायची तर त्या अरुंद इमारतीत आधी एखादं बिऱ्हाड काढावं लागलं असतं.

आठ महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय सटकून त्या पडल्या होत्या. रुग्णवाहिकेच्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरला पट्ट्यांनी आवळून खाली नेलं आणि आठवड्याने तसंच वर आणून ठेवलं. मजल्यामजल्यावर दारं उघडी होती, आणि उघड्या दारांत माणसं उभी होती. माणसं मायेनेच बघत होती, कुणी ‘लवकर बऱ्या व्हा’ म्हणत होतं, पण काकूंना वाटलं, आपलं गाठोडं झालं. हाड-बिड काही मोडलं नव्हतं. मोडलं ते दुसरंच काहीतरी. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं की यापुढे मला कुणी उचलायचं नाही, मग मी वरच राहिले तरी चालेल.

काकांनी मान डोलावली. काका शहराच्या बस डेपोत वेळापत्रकं बनवून निवृत्त झालेले. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठे थांबणार, अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुसऱ्या बसला कुठे वाट देणार, हे सगळं चौकटीच्या कागदावर आखण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. डेपोतल्या लोकांनी त्यांचं नाव मिनिटराव पाडलं होतं आणि ते इमारतीतही पोचलं होतं. माणूस शांत, पण चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर घड्याळाकडे बघायचा. बोलायचा काही नाही, नुसतं बघायचा. काकूंना त्या बघण्याचाच जास्त राग यायचा.

काकूंचा जगाशी व्यवहार चालायचा खिडकीतून, दोरीला बांधलेल्या टोपलीने. टोपली खाली सोडली की ती थेट तळमजल्याच्या खिडकीसमोर जाऊन टेकायची, आणि त्या खिडकीत शिवणयंत्राशी बसलेली असायची शिलाईताई. ती शाळांचे गणवेश शिवायची, पडदे शिवायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलून द्यायची. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर. घरात ती आणि कॉलेजात शिकणारी तिची लेक. टोपलीतून उसवलेली उशी खाली जायची आणि शिवून वर यायची. सोबत चिठ्ठी. या आठ महिन्यांत त्या चिठ्ठ्यांचं प्रकरण असं काही वाढलं की दोघींना एकमेकींच्या घरातलं मीठ कधी संपतं तेही कळायला लागलं.

एके दिवशी शिलाईताई पडद्यांचं माप घ्यायला वर आली. सकाळचे दहा वाजले असतील. माप घेता घेता जुन्या पडद्याची उसवलेली कड टाचायला गेली, तर सुईतला दोरा निघाला. ती खिडकीशी गेली, सुई डोळ्यांसमोर धरली आणि एका झटक्यात दोरा ओवला. ओवला तो ओवला, आणि तशीच उभी राहून हसायला लागली.

काकूंनी विचारलं, काय झालं गं?

तेव्हा तिने सांगितलं की खाली भर दुपारीसुद्धा दिवा लावून बसावं लागतं, समोरच्या इमारतीची भिंत हाताएवढ्या अंतरावर आहे, काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर अंदाजाने घालते, आणि संध्याकाळी डोळ्यांतून पाणी वाहतं. त्यात रस्त्याची धूळ. पांढरं कापड कापायला घेतलं की आधी टेबल तीनदा पुसायचं.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

“घर बदलतेस का?” त्या म्हणाल्या.

“बदलायचं म्हणते, पण परवडणारं मिळायला हवं ना.”

“तसं नाही. माझ्याशी बदलतेस का?”

शिलाईताईच्या हातातली टेप गळून पडली. मग दोघी मिळून इतक्या हसल्या की आतल्या खोलीतून काका काय झालं ते बघायला आले.

काका मात्र हसले नाहीत. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. काकूंना वाटलं, आता नाही म्हणणार. पण ते वळले आणि चौकटीचा कागद कुठे ठेवलाय म्हणून विचारू लागले. घरमालक एकच होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, भिंती जागच्या जागी राहणार असतील तर माणसांनी कुठेही बसावं. शिलाईताईने नवऱ्याला जहाजावर निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं की तू ठरवलंस म्हणजे ठरलं, फक्त घरी आल्यावर कितवं दार वाजवायचं तेवढं नीट कळव.

आता खरी गंमत अशी होती की दोन्ही घरं भरलेली. रिकाम्या घरात सामान नेणं कुणालाही जमतं. पण वरचं खाली न्यायचं तर खाली जागा हवी, खालचं वर न्यायचं तर वर जागा हवी, आणि मध्ये एकच जिना, एवढा अरुंद की दोन जाड माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरावं. काका तीन दिवस कागदावर डोकं घालून बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, हे तर आपलं नेहमीचंच काम आहे. एकेरी रस्ता, दोन्हीकडून गाड्या. मध्ये एक बाजूला घ्यायची जागा मिळाली की झालं.

ती जागा होती दुसऱ्या मजल्यावर. तिथे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, बाहेर रोग्यांना बसायची चांगली ऐसपैस खोली, आणि रविवारी सगळं बंद. डॉक्टर एकटे राहायचे, त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत. काका त्यांच्याकडे गेले आणि रविवारपुरती ती खोली मागितली. डॉक्टरांनी एकच अट घातली: खुर्चीच्या खोलीत, म्हणजे दात काढायच्या खोलीत, काही ठेवायचं नाही.

मग सुरू झाली बांधाबांध. काकूंच्या आयुष्यात इतके मजेत दिवस बऱ्याच वर्षांत आले नव्हते. त्या स्टुलावर बसायच्या, समोर एकेक कपाट रिकामं करून घ्यायच्या, आणि रोज एकच कपाट, त्यापुढे एक चमचासुद्धा नाही, असा नियम त्यांनीच घातला होता. शिलाईताईने टोपलीतून कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं पाठवलं. गणवेशांच्या उरलेल्या तुकड्यांत पेले गुंडाळले, बश्या आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या, मधल्या फटीत मोजे कोंबले. पलंगाचे स्क्रू एका जुन्या मोज्यात घालून तो मोजा पलंगाच्याच पायाला बांधला. जड पुस्तकं लहान खोक्यांत, हलक्या उशा मोठ्या खोक्यांत. नाहीतर उलटं करून माणसं पाठी मोडून घेतात, असं काकांनी डेपोच्या कचेरीच्या स्थलांतरात पाहिलं होतं.

खोक्यांवर नावं लिहायला काकूंनी नकार दिला. धावपळीत कोण वाचत बसतं, त्या म्हणाल्या. त्याऐवजी चिंध्यांचीच खूण ठरली. चौकड्याचा तुकडा म्हणजे स्वयंपाकघर, पट्ट्यापट्ट्यांचा म्हणजे झोपायची खोली, ठिपक्यांचा म्हणजे न्हाणीघर. काकूंच्या सगळ्या खोक्यांची दोरी पांढरी, ताईच्या सगळ्या खोक्यांची निळी. आणि प्रत्येक घराचं एक खोकं लाल कापडाचं, ते सगळ्यांत शेवटी निघणार आणि सगळ्यांत आधी उघडणार: त्यात चहाचं सामान, दोन कप, टॉवेल, औषधं, दिव्याचा बल्ब आणि पेचकस.

बांधता बांधता टाकायचं काय आणि ठेवायचं काय यावरून नवरा-बायकोत थोडी जुंपली, पण फार नाही. काकांनी जुन्या वेळापत्रकांचे एकोणीस गठ्ठे ठेवायचे म्हटले. काकूंनी चार ठेवू दिले. काकूंनी झाकण हरवलेली सात भांडी ठेवायची म्हटली. काकांनी त्यातली एक ठेवू दिली, आणि ती कुठली हे निवडायला काकूंना पूर्ण दुपार लागली.

शिवाय दोघी बायकांनी एकमेकींना घराच्या खोडी लिहून दिल्या. काकूंनी लिहिलं: स्वयंपाकघराचा नळ उजवीकडे फिरवला की ओरडतो, डावीकडे थोडा मागे घ्यावा. मधल्या खिडकीची कडी पावसाळ्यात फुगते, खालून ठोसा द्यावा. ताईने लिहिलं: पुढचं दार उचलून लावायचं. पहाटे पाच वाजता दूधवाला कॅन आपटतो, तो माणूस चांगला आहे, रागवू नये.

रविवार उजाडला. सात वाजता हमाल आले, दोघे भाऊ. थोरला बोलका, धाकटा कामापुरतं बोलणारा, दोघांचे खांदे दाराच्या चौकटीएवढे. काकांनी त्यांच्या हातात कागद दिला. थोरल्याने तो उलटसुलट बघितला आणि म्हणाला, साहेब, आम्हाला वाचता येतं, पण वाचत बसलो तर उचलणार कोण? शेवटी असं ठरलं की काका दुसऱ्या मजल्यावर उभे राहून गाड्या सोडणार. ताईची लेक, जी कॉलेजात गोळाफेक खेळायची आणि हमालांपेक्षा काडीभरही कमी नव्हती, ती खालून वर आणणार. आणि वरच्या घरात खुर्चीवर बसून काय आधी जायचं ते काकू सांगणार.

पहिला तास असा गेला की काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. काकूंची झोपायची खोली उतरली ती दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत विसावली. लगेच ताईची झोपायची खोली चढली ती सरळ चौथ्या मजल्यावर. खाली जागा झाली, काकूंची खोली दुसऱ्या मजल्यावरून खाली गेली. घरांचा आराखडा एकच होता, त्यामुळे पलंगाच्या जागी पलंग, कपाटाच्या जागी कपाट. शिवणयंत्र वर चढलं तेव्हा ताई त्याच्याबरोबर पायरीपायरीने चढली, बाळाच्या डोक्याला धरावं तशी त्याच्या चाकाला हात लावून. चौकड्या, पट्ट्या, ठिपके जिन्यातून वर-खाली होत राहिले. लेकीने मध्येच विचारलं, आता वरच्या काकूंना खालच्या काकू म्हणायचं की कसं? थोरल्या हमालाने सांगितलं, आज दिवसभर नुसतं काकू म्हण, नाव उद्या बदल, आज फार सामान आहे.

साडेदहाच्या सुमाराला काकूंचं सगळं सामान वरच्या घरातून निघालं. उरल्या काकू, त्यांची खुर्ची आणि लाल कापडाचं खोकं.

हमाल वर आले. थोरला अदबीने म्हणाला, काकू, आता तुम्ही. खुर्चीसकट उचलतो, डोळे मिटून बसा.

काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. इतके दिवस त्यांनी सगळ्या वस्तूंचा विचार केला होता, बश्यांचा, स्क्रूंचा, बल्बचा. ही एक गोष्ट तेवढी त्या रोज उद्यावर ढकलत आल्या होत्या.

“मला उचलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मी माझी येते.”

काका धावत वर आले. ते वाद घालणार होते, पण बायकोचा चेहरा बघून बाजूला सरले. काकू काठी टेकत जिन्याच्या तोंडाशी गेल्या, भिंतीला धरून हळूच सगळ्यांत वरच्या पायरीवर बसल्या, आणि बूड टेकत एक पायरी खाली सरकल्या. मग दुसरी. मग तिसरी. लहान मूल उतरतं तशा. काकांनी खिशातून घड्याळ काढलं, बघितलं आणि परत ठेवून दिलं. मग तेही त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि बूड टेकत खाली सरकू लागले.

“तुमचे गुडघे धड आहेत,” काकू म्हणाल्या.

“पँट जुनी आहे,” काका म्हणाले.

असे दोघे सरकत सरकत तिसऱ्या मजल्यावर आले. तिथल्या दारात कुणी उभं होतं. काकूंनी मान वर करून बघितलं, तर त्या बाई टाळ्या वाजवत होत्या. काकूंना लाज वाटायची ती राहिलीच, त्यांना हसू फुटलं. पण दुसऱ्या मजल्यापर्यंत येता येता त्यांची पुरती दमछाक झाली. छत्तीस पायऱ्या झाल्या होत्या. कंबर म्हणत होती बास, आणि गुडघे तर केव्हाचे बोंबलत होते. काकांनी त्यांना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत नेलं. तिथे त्यांचाच सोफा खाली जायची वाट बघत होता. त्यावर त्या टेकल्या.

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसला होता. धिप्पाड, पस्तिशीचा, गाल सुजून भोपळा झालेला, हातात रुमाल. रविवार असूनही दुखणं सहन होईना म्हणून आला होता. डॉक्टर आतून तिसऱ्यांदा म्हणत होते, चला, आत या, आणि तो तिसऱ्यांदा म्हणत होता, जरा थांबा. खोलीत खोकी, गाद्या आणि उलटं ठेवलेलं टेबल, आणि त्याच्यात हा घामाघूम होऊन बसलेला.

काकूंनी विचारलं, दाढ का?

त्याने मान हलवली. मग, दुखऱ्या माणसाला कुणी विचारलं की तो जसा मोकळा होतो, तसा तो मोकळा झाला. तो अग्निशामक दलात होता. जळत्या घरात शिरलो आहे, तो म्हणाला, शिडीवरून माणसं उतरवली आहेत, पण मावशी, ती सुई बघितली की माझे पाय लटपटतात. घरी बायकोला सांगून आलोय की काढूनच येतो. आता परत कसा जाऊ?

काकूंनी आपली कथा सांगितली. चौथा मजला, स्ट्रेचर, पट्ट्या, उघडी दारं. आणि अजून छत्तीस पायऱ्या राहिल्यात आणि एकही उतरवत नाही, हेही. एवढं त्या नवऱ्याशीसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या. काका दारात उभे होते, ते ऐकत राहिले.

त्या माणसाने रुमाल गालावर दाबला. मग म्हणाला, “मावशी, आम्ही लोकांना बांधून नेतो ते घाईत. घाई नसली की दुसरी रीत असते. दोन माणसं एकमेकांची मनगटं धरतात, बसायला जागा होते, आणि बसणारा दोघांच्या खांद्यांवर हात टाकतो. खांदे त्याने धरलेले असतात. आपण त्याला धरलेलं नसतं.”

“म्हणजे उचललेलंच ना?”

“मिरवणुकीत उचलतात ना जिंकलेल्या माणसाला, तसं.”

काकूंनी जरा विचार केला. मग त्या म्हणाल्या, असं करू. तुम्ही आत जा आणि दाढ काढून या. मी इथे बसते, तुमचा आवाज ऐकते. तुम्ही ओरडला नाहीत तर मी तुमच्या हातांवर बसेन.

“आणि ओरडलो तर?”

“तरी बसेन. पण मग खाली सगळ्यांना सांगेन.”

तो उठला. दारापर्यंत गेला, परत आला, रुमाल काकूंच्या हातात दिला आणि आत गेला. बाहेर सगळं काम थांबलं. हमाल सोफ्याच्या हातावर टेकले, लेक खोक्यावर बसली, ताई वरून खाली आली. आतून डॉक्टरांचा बारीक आवाज येत होता, भांड्यांचा खणखणाट येत होता, बाकी काही नाही. मग एक लांब ‘ऊं’ ऐकू आलं. थोरल्या हमालाने विचारलं, हे ओरडणं धरायचं का? काकू म्हणाल्या, नाही, हे गुणगुणणं.

दहा मिनिटांनी तो बाहेर आला, गालात कापूस, डोळ्यांत पाणी, आणि हातात कागदात गुंडाळलेली दाढ. बोलता येत नव्हतं. त्याने नुसती दाढ दाखवली. सगळ्यांनी ती निरखून पाहिली. धाकटा हमाल, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, मोठी आहे.

मग अग्निशामकवाल्याने लेकीला खूण केली. हमालांना नाही, लेकीला, कारण दोघांची उंची जुळत होती. त्याने तिला मनगटं कशी धरायची ते दाखवलं. काकू उठल्या, मागे टेकल्या आणि त्या चार हातांच्या बैठकीवर बसल्या. एक हात लेकीच्या खांद्यावर, एक त्या माणसाच्या. बसल्यावर त्या सगळ्यांपेक्षा उंच झाल्या. जिना अरुंद, म्हणून दोघं तिरकी होऊन उतरू लागली. पहिल्या दोन-चार पायऱ्या काकूंनी श्वास रोखून धरला. मग सोडला. पहिल्या मजल्यावरची दारं उघडी होती, दारांत माणसं होती, आणि काकूंनी डावा हात सोडून त्यांना चक्क हात केला. लेक ओरडली, काकू, धरा. काकूंनी पुन्हा धरलं.

खाली पोचल्यावर त्यांना दाराच्या आत ठेवलं. त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या, काठी घेतली आणि सबंध घर फिरून आल्या. पलंग पलंगाच्या जागी, कपाट कपाटाच्या जागी. ताईने जाण्याआधी भिंती धुऊन काढल्या होत्या आणि खिडकीला नवा पांढरा पडदा शिवून लावला होता, उजेड थोडा तरी वाढावा म्हणून. लाल कापडाचं खोकं धाकट्या हमालाने आणून ओट्यावर ठेवलं. काकूंनीच ते उघडलं, बल्ब काकांच्या हातात दिला आणि चहा टाकला. कप दोनच होते आणि माणसं आठ. डॉक्टरसुद्धा हात धुऊन खाली आले होते. पाळीपाळीने सगळ्यांनी चहा घेतला, सोबत पाव आणि केळी. अग्निशामकवाल्याला दोन तास काही गरम घेता येणार नव्हतं. तो उगाच बसून राहिला, घरी जायची त्याला अजिबात घाई नव्हती, आणि कापूस असलेल्या तोंडाने काहीबाही सांगत होता. त्यातलं अर्धं कुणालाच कळत नव्हतं, पण सगळे हसत होते.

सोफा तेवढा वर राहिला होता. काकांच्या कागदावर सोफ्यापुढे अकरा वाजून पाच मिनिटं लिहिलं होतं. सोफा आला तेव्हा एक वाजून गेला होता. काकांनी घड्याळाकडे बघितलंही नाही.

दुपारी सगळे पांगल्यावर काकूंच्या लक्षात आलं की हे कुठे दिसत नाहीत. त्या हाक मारत मागच्या खोलीत गेल्या. काका खिडकीशी उभे होते. समोर भिंत. काकूंच्या एकदम ध्यानात आलं. वरच्या खिडकीतून डेपोचं फाटक दिसायचं. निवृत्त झाल्यापासून हे रोज सकाळी तिथे उभे राहून बसगाड्या सुटताना बघायचे, मनातल्या मनात वेळ जुळवायचे. घर बदलायचं ठरलं त्या दिवशीही ते तिथेच उभे राहिले होते. आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

“बोलला का नाहीत?” काकूंनी विचारलं.

“काय बोलायचं? बसगाड्या मी बघितल्या नाहीत तरी सुटतातच.”

काकूंनी त्यांच्या शर्टाच्या पाठीवरची जिन्याची धूळ झटकली, आणि बराच वेळ झटकत राहिल्या. तेवढ्यात दारातून ताई डोकावली. वरच्या स्वयंपाकघराचा नळ ओरडतोय, डावीकडे मागे घ्यायचा म्हणजे किती, हे विचारायला आली होती. काकूंनी तिला सरळ सांगितलं काय झालं ते. ताई म्हणाली, त्यात काय मोठं? काकांना जिना चढता येतो. रोज सकाळी वर या, माझं यंत्र एका खिडकीशी आहे, दुसरी तुमची. चहा मी करते, पण मिनिटं मोजायची नाहीत.

काकांनी विचारपूर्वक मान हलवली. म्हणाले, पहिली गाडी सहा दहाला सुटते. ताई म्हणाली, मग पहिल्या गाडीचा चहा तुम्हीच करा.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता दूधवाल्याने कॅन आपटला. काकू जाग्याच होत्या. त्यांना राग आला नाही. उलट उठून त्यांनी दार उचलून उघडलं आणि त्याच्याकडून दूध स्वतःच्या हातांनी भांड्यात घेतलं. काका सहाला वर गेले. काकूंनी दारापुढची पायरी पाण्याने धुतली, वाळली तशी कपात चहा ओतून तिथेच बसल्या. रस्त्यावर अजून फारसं कुणी नव्हतं. मग एकेक जण यायला लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या टाळ्या वाजवणाऱ्या बाई कामावर निघाल्या होत्या, त्या पाच मिनिटं थांबल्या. डॉक्टर पेपर आणायला निघाले, ते थांबले. एक पोस्टमन थांबला, त्याला काकू ओळखतच नव्हत्या, पण त्याची सायकल पंक्चर होती आणि त्याला कुणालातरी ते सांगायचं होतं. एक कुत्रं आलं, पायऱ्या हुंगून निघून गेलं. काकूंनी सगळ्यांशी बोलून घेतलं, आठ महिन्यांचं.

चहा तेवढा त्यांना तीनदा गरम करावा लागला.